दुरुस्त करणारा कान आणि ऐकणारा कान

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४१ वर्षांच्या मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीच्या आवाजाच्या गायिका) आहेत आणि सोळा वर्षं व्यावसायिक ऑपेरा गात आहेत. त्या कुठल्याही ऑपेरागृहाच्या कायम पगारावर नाहीत. एकेका प्रयोगमालिकेसाठी पाहुणी गायिका म्हणून त्यांचा करार होतो. गेली काही वर्षं तालमीच्या मधल्या वेळात तरुण गायक त्यांच्याकडे ऑडिशनची धास्ती, नकार, एकटेपणा यांबद्दल बोलायला येतात आणि मोकळे होऊन जातात. त्यावरून आपण लाइफ कोचिंग सुरू करावं, असं त्यांच्या मनात आलं आहे. सहा आठवड्यांत 'प्रमाणित कोच' करणाऱ्या एका अभ्यासक्रमाची जाहिरातही त्यांनी पाहिली आहे. एजंट म्हणतो, ही बातमी फुटली तर लोक समजतील की गळा उतरला. गुरू म्हणतात, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. त्यांचे प्रश्न असे : गाणं न सोडता हे जमेल का? प्रमाणपत्र लागतं का? रंगमंचावर शिकलेलं इतरांना द्यायचं आणि त्यातून उत्पन्नही स्थिर होईल, असा हिशेब मनात आहे, तो बरोबर आहे ना?

उत्तर :

गाणं न सोडता हे जमेल. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. कोचिंग म्हणजे आपण शिकलेलं दुसऱ्याला देणं, ही एक. कोचिंगने उत्पन्न स्थिर होतं, ही दुसरी. अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी या दोन्ही तपासून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं राहणार आहे.

तुमच्या क्षेत्रात 'कोच' हा शब्द आधीपासून आहे, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. ऑपेरातला कोच पियानोवर बसून भूमिका पक्की करून घेतो. इटालियन शब्दातलं जोडव्यंजन एकेरी झालं, जर्मन स्वर फार उघडा पडला, विराम नसताना श्वास घेतला, हे सगळं तो जागच्या जागी थांबवून सांगतो. दुरुस्त करणं हेच त्याचं काम. लाइफ कोचकडून नेमकी उलटी अपेक्षा असते. कशावर बोलायचं ते समोरचा ठरवतो, उत्तरही तोच शोधतो, आणि कोच त्याला स्वतःचा विचार नीट ऐकायला मदत करतो. अनुभवी माणसाने आपला रस्ता दाखवणं याला मेंटॉरिंग म्हणतात, आणि ते वेगळं काम आहे.

तालमीच्या मधल्या वेळात तुम्ही जे करत होतात, ते यांपैकी कोणतं? तरुण गायकांशी झालेली शेवटची तीन संभाषणं आठवून पाहा. तुमची किती वाक्यं 'मी', 'माझ्या वेळी', 'तुझ्या जागी मी असते तर' अशी सुरू झाली? निम्म्याहून जास्त असतील तर ते मेंटॉरिंग होतं. यात कमीपणा काहीच नाही. ऑडिशनसाठी पाच आरिया (ऑपेरातली एकल गाणी) कोणत्या निवडाव्यात, पहिली कोणती गावी, नकार आल्यावर एजंटशी काय बोलावं, हे सोळा वर्षं गायलेली गायिकाच सांगू शकते. तुमचं मन तिथेच रमत असेल तर ते काम त्याच्याच नावाने करा. त्यासाठी कोचिंगचं प्रमाणपत्र लागत नाही. मात्र एका नावाखाली दुसरं विकलं, तर कोचिंगच्या अपेक्षेने आलेला माणूस सल्ला घेऊन परत जातो, आणि आपलं काय चुकलं हे त्यालाही कळत नाही.

आता तुमच्या कानाबद्दल. माझ्या मते तुमची खरी पुंजी रंगमंचावरच्या अनुभवापेक्षा तुमच्या कानात आहे. 'मला जमेल बहुतेक' असं कुणी म्हटलं की इतरांना फक्त वाक्य ऐकू येतं. 'बहुतेक'वर सूर खाली गेला, श्वास वर छातीत अडकला, शेवटचं अक्षर गिळलं गेलं, हे तुम्हाला ऐकू येतं. कोचिंग शिकायला येणारे कित्येक जण वर्षभर मेहनत करूनही इथवर पोचत नाहीत. अडचण त्याच्या पुढच्या क्षणाची आहे. चूक ऐकू आली की ती सुधारायची, हे तुमच्या अंगात भिनलेलं आहे. माणूस अडचण सांगायला लागतो आणि चौथ्या मिनिटाला तुम्ही त्याला श्वासाचा व्यायाम दिलेला असतो. तो आभार मानून जातो आणि पुढच्या वेळी तीच अडचण घेऊन येतो, कारण प्रश्न श्वासाचा नव्हताच. कदाचित ती नोकरी किंवा ती भूमिका त्याला मनापासून नकोच होती.

त्यावर एक सराव आहे. ऐकू आलेलं निदान न करता, फक्त निरीक्षण म्हणून बोलायचं : 'बहुतेक म्हणताना तुमचा आवाज खाली आला.' आणि थांबायचं. मेट्रोनोम (तालाचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर असताना चार ठोक्यांचे दोन बार मोजा, म्हणजे आठ सेकंद होतात. विराम मोजायची सवय तुम्हाला आहेच, तीच इथे वापरा. पहिल्या काही वेळा आठ सेकंद फार लांब वाटतील. बहुतेकदा पाचव्या-सहाव्या सेकंदाला समोरचा असं काही बोलतो, जे त्याने आधी ठरवलेलं नसतं.

दुसरी सवय आवाजाच्या वजनाची. मायक्रोफोनशिवाय वाद्यवृंदावरून पलीकडे पोचण्यासाठी गायकाच्या आवाजात साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक दाट पट्टा तयार होतो. आवाजाच्या विज्ञानात त्याला सिंगर्स फॉरमंट म्हणतात. तोच पल्लेदारपणा बोलण्यात उतरला, तर दोन हातांवर बसलेल्या माणसाला तुमचा साधा प्रश्नही हुकमासारखा ऐकू येतो. तो उलट बोलत नाही, नुसता मान डोलावतो. सत्रात कुणी फार पटकन 'हो, बरोबर' म्हणायला लागलं, की आधी आपला आवाज तपासा.

गळ्याचा हिशेब तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कोचिंगचे अभ्यासक्रम तो शिकवत नाहीत. स्त्रीच्या बोलण्याचा सूर साधारण २०० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे स्वरतंतू सेकंदाला २०० वेळा एकमेकांवर आपटतात. एका मिनिटाच्या सलग आवाजात १२,००० वेळा. बोलण्यातले श्वास आणि अघोष व्यंजनं वजा केली तरी दिवसभराचा आकडा मोठाच राहतो. गाताना तुमचा आधार, सूर, अनुनाद सगळं जागेवर असतं. व्हिडिओ कॉलवर ते असेलच असं नाही. कानात हेडफोन असले की स्वतःचा आवाज दबका ऐकू येतो आणि माणूस नकळत जोराने बोलतो. वर सहानुभूतीने बोलताना आपण सूर खाली नेतो आणि वाक्याचा शेवट घोगरा सोडतो. चार सत्रांनंतर घसा बसल्यासारखा वाटतो आणि दोष तालमीला दिला जातो.

यावर उपाय आहेत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि स्वतःचा आवाज कानात परत ऐकू येईल अशी सेटिंग करा, नाहीतर एक कान मोकळा ठेवा. बोलण्याचा सूर तुमच्या नैसर्गिक पातळीवर राहू द्या, मुद्दाम खाली नेऊ नका. दिवसाला तीन सत्रं पुरेत. सलग दोनहून जास्त घेऊ नका, आणि मध्ये किमान अर्धा तास पूर्ण मौन पाळा. प्रयोगाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी एकही सत्र नको. सगळ्यात मोठा उपाय मात्र कोचिंगच्याच शिस्तीत आहे. तासाच्या सत्रात कोचने साधारण बारा ते पंधरा मिनिटंच बोलावं. तुम्ही तीस मिनिटं बोलत असाल तर सत्रही बिघडतं आणि गळाही दुप्पट शिणतो. एकच सवय दोन्हीकडे कामी येते, हे मला या जोडीचं फार मोलाचं लक्षण वाटतं.

आता उत्पन्न. तुमचं मानधन प्रयोगागणिक मिळतं. तीन ते सहा आठवड्यांच्या तालमींसाठी अनेक करारांत वेगळं काही नसतं, आणि आजारपणात प्रयोग बुडाला की त्याचे पैसेही जातात. या अनिश्चिततेला तुम्ही कंटाळला आहात, हे पत्रातून स्पष्ट दिसतं, आणि ते साहजिक आहे. पण कोचिंगही त्याच जातीचं काम आहे. सत्र नाही तर पैसे नाहीत. नवा क्लायंट मिळवण्यासाठी आधी विनामूल्य ओळखभेट द्यावी लागते, आणि ती एका अर्थी ऑडिशनच असते. प्रत्येक तासाच्या सत्रामागे टिपणं, पत्रव्यवहार, वेळांची अदलाबदल यांचा निदान अर्धा तास धरा. पहिलं वर्ष-दीड वर्ष हे उत्पन्न घरखर्चाच्या हिशेबात धरूच नका. दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांत ते करता येईल असं तुम्ही लिहिता, पण ते महिने खरंच रिकामे असतात का? नवी भूमिका पाठ करणं, गळ्याला विश्रांती देणं, ऑडिशनसाठी प्रवास करणं हे सगळं तेव्हाच होतं. मागच्या दोन वर्षांचं कॅलेंडर काढा आणि त्यात खरोखर मोकळे तास किती होते ते मोजा. आठवड्याला चार तास निघाले तर कोचिंग चार तासांचं असेल. तेवढ्यातही सुरुवात होऊ शकते.

प्रमाणपत्राचं उत्तर असं : बहुतेक देशांत लाइफ कोचिंगसाठी परवाना लागत नाही, कुणीही स्वतःला कोच म्हणवू शकतं. म्हणूनच 'सहा आठवड्यांत प्रमाणित' याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की अभ्यासक्रमाने स्वतःच्याच विद्यार्थ्याला स्वतःचा कागद दिला. सर्वाधिक मान्यता असलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे १९९५ मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, म्हणजे आयसीएफ. तिची पहिली पायरी एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच). त्यासाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण, किमान आठ क्लायंटबरोबर १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव (त्यांतले ७५ तास मोबदला घेऊन), तीन महिने किंवा त्याहून जास्त काळात विभागलेलं दहा तासांचं मेंटॉर कोचिंग (म्हणजे तुमच्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन), आणि परीक्षा. पुढची पायरी पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच). तिथे प्रशिक्षण १२५ तासांचं आणि अनुभव ५०० तासांचा. प्रमाणपत्राचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आठवड्याला दोन सत्रं घेतली तरी १०० तास भरायला वर्ष लागतं. तुमच्या वेळापत्रकात दीड वर्ष धरा.

कागद मिळालाच पाहिजे असं मी म्हणत नाही, पण शिक्षण मिळालंच पाहिजे. अभ्यासक्रम निवडताना नेमकं विचारा : माझी प्रत्यक्ष सत्रं कुणी ऐकणार आहे का? किती? त्यावर लेखी अभिप्राय मिळेल का? ऐकणाऱ्याकडे स्वतःची पात्रता कोणती? तालमीमुळे दोन वर्ग बुडाले तर काय? पहिल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर तिथेच थांबा. नुसती व्याख्यानं ऐकून गळा तयार होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगायला नको.

क्लायंट कोण असावेत? तुम्हाला वाटतं, अर्थातच गायक. मी म्हणेन, पहिल्या आठपैकी किमान पाच जण संगीताबाहेरचे घ्या. गायकासमोर बसलात की उत्तर तुमच्या जिभेच्या टोकावर असेल आणि तुम्ही मेंटॉरिंगकडे घसराल. हिशेबनीस किंवा अभियंता नोकरी बदलू की नको विचारत असेल, तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसतं. मग ऐकावंच लागतं. तिथे सवय लागली की गायकांकडे वळा.

गायकांना घेताना आणखी एक धोका असतो. ऑपेराचं जग फार लहान आहे. तुमच्यापुढे मन मोकळं केलेली मुलगी पुढच्या मोसमात त्याच भूमिकेच्या ऑडिशनला तुमच्या शेजारी उभी असू शकते. म्हणून चालू प्रयोगमालिकेतल्या कुणालाही घेऊ नका. तुमच्याच आवाजप्रकारातल्या, त्याच भूमिका मागणाऱ्यांना घेऊ नका. ज्यांच्या निवडीबद्दल तुमचं मत विचारलं जाऊ शकतं, त्यांनाही नाही. आणि सत्रात तंत्र शिकवू नका. वरचा सूर फुटतो तो भीतीने की पासाज्योत (आवाज खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जातो त्या टप्प्यात) छातीचा आवाज वर ढकलल्यामुळे, हा प्रश्न त्याच्या गुरूचा आहे. भीतीचं काम भीतीच्या नावाने चाललं आणि मूळ दोष तंत्राचा असला, तर तो गायक आणखी खचतो, कारण 'मनावर एवढं काम करूनही' सूर फुटतोच.

पहिल्या सत्राआधी एक पानभर करार हवाच. एकूण सत्रं किती, प्रत्येक किती मिनिटांचं, पैसे कधी द्यायचे, वेळ बदलायची तर किती तास आधी कळवायचं, गुप्तता कुठवर पाळली जाईल आणि कुठल्या परिस्थितीत ती मोडावी लागेल, हे कोचिंग आहे, उपचार नाहीत, आणि तुम्ही दोघं बाहेर भेटलात तर ओळख दाखवायची की नाही. हे शेवटचं कलम इतर कोचना फारसं लागत नाही, तुम्हाला मात्र दर आठवड्याला लागेल.

मर्यादेबद्दल स्पष्ट लिहिते. अनेक आठवडे झोप उडालेली असणं, खाणंपिणं बिघडणं, जुन्या अत्याचाराच्या आठवणी उसळून येणं, जगणं नकोसं वाटणं, यांपैकी काहीही दिसलं की कोचिंग थांबवून मानसोपचाराकडे पाठवायचं. जीवाला धोका वाटला तर लगेच तातडीच्या सेवेकडे. त्यासाठी दोन-तीन मानसोपचारतज्ज्ञ आणि एक स्वरयंत्रतज्ज्ञ डॉक्टर यांची नावं आधीच जवळ ठेवा, वेळ आल्यावर शोधत बसू नका. रंगमंचाच्या भीतीवर काही कलाकार प्रोप्रानोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर, म्हणजे छातीची धडधड कमी करणारी गोळी घेतात. 'घेऊ का?' असं तुम्हाला विचारतीलच. उत्तर एकच : डॉक्टरांना विचारा. दम्याच्या रुग्णात हीच गोळी श्वासनलिका आवळू शकते. 'मी घेतली होती, काही झालं नाही' हे वाक्य कोचच्या तोंडी येता कामा नये.

वेळापत्रकाचंही थोडं. उद्याच्या तालमीचा तक्ता अनेक ठिकाणी आज दुपारी लागतो. त्यामुळे 'दर मंगळवारी सहा वाजता' असा शब्द देऊ नका. तीन महिन्यांत सहा सत्रं असा संच ठेवा, दोन सत्रांत साधारण पंधरा दिवसांचं अंतर, आणि नेमका दिवस आठवडाभर आधी ठरवा. सिट्झप्रोबे, म्हणजे वाद्यवृंदाबरोबरची बसून केलेली पहिली तालीम, तिथपासून पहिल्या प्रयोगापर्यंतचा काळ पूर्ण बंद ठेवा आणि तो क्लायंटला करार करतानाच सांगा. आधी कळलेली सुट्टी कुणाला टोचत नाही.

एजंटची भीती अगदीच निराधार नाही. निवड करणारे घाईत असतात, आणि अर्धवट बातमीवरून तर्क करतात. पण ते तुमच्या हातात आहे. आधी एजंटबरोबरच्या करारातलं अनन्यतेचं, म्हणजे फक्त त्याच्यामार्फतच काम घेण्याचं कलम वाचा. ते फक्त गायनाच्या कामांपुरतं आहे की सगळ्याच उत्पन्नाला लागू होतं? मग पुढचे दोन करार सही होईपर्यंत जाहीर काही करू नका. कोचिंगसाठी वेगळं पान, वेगळा छायाचित्रसंच ठेवा. गायिकेच्या परिचयात त्याचा उल्लेख नको. कोचिंगच्या परिचयात मात्र 'मेझो-सोप्रानो' हा शब्द वर्तमानकाळात असू द्या.

तुमच्या गुरूंचं म्हणणं मला थोडं वेगळ्या अंगाने ऐकावंसं वाटतं. त्यांना तुमच्या गळ्याची काळजी वाटते आहे का? तुम्ही पत्रात आवाजाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून विचारते. चाळिशी हे मेझोचं उतरणीचं वय नव्हे. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या ऑपेरांतल्या अम्नेरिस, अझुचेना यांसारख्या भारदस्त भूमिकांकडे कित्येक जणी याच सुमाराला वळतात. पण वरचे सूर जड झाले असतील, सावरायला पूर्वीपेक्षा जास्त दिवस लागत असतील, तर आधी स्ट्रोबोस्कोपीने (स्वरतंतूंची हालचाल दाखवणाऱ्या तपासणीने) स्वरतंतू तपासून घ्या आणि विश्वासू माणसासमोर भूमिका सलग गाऊन पाहा. गळा ठीक निघाला तर कोचिंगचा निर्णय निर्भयपणे घेता येईल. काही निघालं तर आधी त्याचे उपचार करा. न तपासलेल्या भीतीतून नवं काम सुरू केलं, तर प्रत्येक घाबरलेल्या गायकात तुम्हाला स्वतःचाच गळा ऐकू येत राहील.

फी भरण्याआधी एक चाचणी करा. ओळखीतल्या, पण जवळच्या नसलेल्या दोन बिगर-गायकांना विचारा आणि त्यांच्या परवानगीने प्रत्येकी तीन, अशी सहा सराव-संभाषणं ध्वनिमुद्रित करा. प्रत्येकी चाळीस मिनिटं. मग स्कोअर (लिहिलेली स्वरलिपी) घेऊन बसता तशा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि मोजा : तुम्ही किती मिनिटं बोललात, किती प्रश्न विचारलेत, किती वेळा उपाय सुचवलात, समोरचा श्वास घेत असतानाच किती वेळा मध्ये बोललात. पहिल्या दोन संभाषणांचे आकडे वाईट येतील, त्यांची काळजी करू नका. पाचव्या-सहाव्यापर्यंत तुमचं बोलणं दहा मिनिटांवर आलं आणि ते ऐकताना तुम्हाला समोरच्या माणसाबद्दल कुतूहल वाटलं, तर ६० तासांच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवा. आकडे हललेच नाहीत आणि गप्प बसणं शिक्षेसारखं वाटलं, तर ऑडिशनच्या तयारीचं मेंटॉरिंग सुरू करा. त्याची पहिली विद्यार्थिनी बहुधा पुढच्या तालमीत तुमच्या शेजारच्या खुर्चीवरच बसलेली असेल.